चावीच्या मोटरीची घरघर

चाकणहून तो मुलगा आला तेव्हा साडेचार वाजून गेले होते. पहिली पाळी सुटल्यावर थेट आला असावा. अंगात कंपनीचा निळा शर्ट तसाच, छातीवर ओळखपत्र लटकतंय, आणि मोटरसायकलच्या टाकीवर जुन्या लुगड्यात गुंडाळलेली पेटी. लुगडं सोडलं तर आत काळ्या रेक्झिनची एचएमव्ही १०२. कोपऱ्यांचं निकेल उडालेलं, कडी एका बाजूनं तारेनं बांधलेली, पण झाकणाच्या आतल्या छापातला एचएमव्हीचा कुत्रा शाबूत.

"काका, पणजोबांचा फोनो आहे. एका साली कांद्याचे पैसे बरे झाले तेव्हा घेतला म्हणतात. गाणं झकास येतं, पण खालून घरघर फार. आता एवढं जुनं मशीन म्हटल्यावर आवाज येणारच म्हणा."

शेवटचं वाक्य मला डाचलं. मी पिंपरी-चिंचवडच्या टूलरूममध्ये चाळीस वर्षं काढली. "मशीन जुनं आहे म्हणून आवाज येतोय" असं आमच्या फोरमनसमोर कुणी म्हटलं असतं, तर त्यानं त्याला आधी पाणी पाजलं असतं आणि मग त्याच मशीनखाली आडवं झोपवलं असतं. आवाज कुठून येतो ते शोध, मग वय सांग, असा त्याचा खाक्या. निवृत्त झाल्यावर मी हे चावीचे फोनो हातात घेतले, आणि दहा-बारा वर्षांत माझं मत पक्कं झालं आहे. चावीच्या मोटरीत जी घरघर असते, ती बहुतेक वेळा आधीच्या कुणा दुरुस्तीवाल्यानं मागे ठेवलेली असते. मोटर उघडली की कोण कोण येऊन गेलं ते दिसतं. म्हणून मला ही दुरुस्ती कमी आणि मोडी कागद वाचण्याचं काम जास्त वाटतं.

आता ही मोटर आली कुठून ते सांगतो, कारण ती गोष्ट आमच्यासारख्यांची आहे.

एडिसननं १८७७ साली फोनोग्राफ केला तो हातानं फिरवायचा. एमिल बर्लिनरनं दहा वर्षांनी सपाट तबकडीचा ग्रामोफोन काढला, त्याची सुरुवातीची यंत्रंही हाताच्या दांड्यानंच फिरायची. एका हातानं दांडा फिरवायचा आणि कान गाण्याकडे. हात थकला की गवई उतरला, हात चेवला की गवई चढला. हिशेब सोपा आहे. वेग साधारण सहा टक्के वाढला की सूर एका पट्टीनं वर जातो. मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी साडेब्याऐंशीनं फिरवा, पांढरी एकचा गवई काळी एकमध्ये गायला लागेल. चार-साडेचार फेऱ्यांचा फरक, तो हाताला कळत नाही, कानाला मात्र लगेच कळतो.

१८९६ साली असलं एक हाताचं यंत्र अमेरिकेत न्यू जर्सीतल्या कॅमडन गावी एल्ड्रिज जॉन्सन नावाच्या मशिनिस्टच्या वर्कशॉपमध्ये आलं. याला स्प्रिंगची मोटर बसवून द्या, असं काम होतं. या जॉन्सनला शाळेत सांगितलं गेलं होतं की तुझ्या डोक्यात कॉलेजचं काही शिरायचं नाही, तू हाताचं काम शीक. औंधच्या आयटीआयमध्ये माझ्या बाकावर बसलेल्या निम्म्या पोरांना त्यांच्या गुरुजींनी हेच ऐकवलं होतं. पुढे जॉन्सननं त्या यंत्राच्या पहिल्या भेटीचं वर्णन केलं ते असं की, घसा बसलेला, पडसं झालेला आणि अर्धवट शिकलेला पोपट बोलावा तसा त्यातून आवाज येत होता. पण त्यानं काम घेतलं. स्वस्तात पडेल, एकसारखी फिरेल आणि गाण्याच्या वर स्वतःचा आवाज काढणार नाही अशी मोटर त्यानं केली. पुढे १९०१ साली त्यानं व्हिक्टर कंपनी काढली आणि तो गडगंज झाला, तो भाग वेगळा.

झाकणातल्या कुत्र्याच्या चित्रातही हीच मोटर आहे. चित्रकार फ्रान्सिस बॅरोनं तो रंगवला तेव्हा कुत्र्यासमोर एडिसनच्या पद्धतीचा नळकांड्याचा फोनोग्राफ होता. १८९९ साली लंडनच्या ग्रामोफोन कंपनीनं चित्र विकत घेतलं ते या अटीवर की यंत्र आमचं काढा. बॅरोनं जुन्या यंत्रावर रंग फासून नवं काढलं. त्या नव्या यंत्रात जॉन्सनचीच मोटर होती. जगभर लोक कुत्र्याचं कौतुक करतात. माझं लक्ष दर वेळी त्या पेटीच्या कुशीतल्या चावीकडे जातं.

मोटरीचं तत्त्व पोरानंही समजून घ्यावं असं आहे. एका गोल डब्यात पोलादी पट्टीची स्प्रिंग, इंचभर रुंद आणि दहा फुटांहून लांब. चावी दिली की ती आवळते, सोडली की उलगडताना डबा फिरवते. डबा चक्रांना फिरवतो, चक्रं टर्नटेबलला. पण मोकळी सोडली तर सगळी स्प्रिंग काही क्षणांत भर्रकन उलगडून मोकळी होईल. तिला आवर घालतो तो गव्हर्नर. एका बारीक दांडीवर तीन पातळ पोलादी पट्ट्या, प्रत्येकीच्या मध्यावर एक जड गोळा. दांडी फिरली की गोळे बाहेर ओढले जातात, पट्ट्या फुगतात, त्यांच्यासोबत एक चकती दांडीवर सरकते आणि फेल्टच्या तुकड्याला जाऊन टेकते. वेग वाढला की जास्त घासायचं, कमी झाला की सुटायचं. बस. गावाकडे विहिरीवर डिझेलचं इंजिन ज्यानं चालवलंय त्याला हे नवीन नाही, लोड आला की इंजिन आपोआप जोर धरतं ते गव्हर्नरमुळेच. खडकीला किर्लोस्करांची आणि चिंचवडला रस्टनची इंजिनं होत होती, त्या सगळ्यांच्या पोटात या गोळ्यांचे मोठे भाऊ बसलेले.

एक गंमत फक्त टूलरूमवाल्यालाच कळते. आपल्याकडे नेहमी वर्म, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेली दांडी, चक्राला फिरवतो. इथे उलटं आहे. टर्नटेबलच्या दांडीवरचं चक्र गव्हर्नरच्या वर्मला फिरवतं, आणि गव्हर्नर टर्नटेबलच्या दहा-बारा पट वेगानं पळतो. उलट्या दिशेनं जोर द्यायचा म्हणून वर्मचे आटे खूप तिरपे घेतलेले असतात, आणि ते आरशासारखे गुळगुळीत लागतात. तिथे केसाएवढा ओरखडा असला तरी तो वरच्या फळीत शिरतो, आणि फळी म्हणजे तबल्याची पुडीच. मोटर हातात धरली तर ऐकू न येणारा आवाज फळीवर बसवली की खोलीभर होतो.

आपल्याकडे हे सगळं लवकर आलं. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गनं कलकत्त्यात गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. त्या तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला गेल्या आणि परत आल्या. १९०८ पासून कलकत्त्यात सियालदहलाच छापखाना सुरू झाला, पुढे तो डमडमला गेला. तबकडीला लागणारी लाख मुळात आपलीच. बालगंधर्वांची पदं, मास्टर दीनानाथ, हिराबाई बडोदेकर, पुढे ग. ना. जोश्यांची भावगीतं, सगळं या तबकड्यांवरून गावोगाव गेलं. लहानपणी दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकून भीमसेन जोशी गाण्यासाठी घराबाहेर पडले, ही गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे. मला त्या गोष्टीत दुकानातल्या मोटरीचं कौतुक वाटतं. ती बिचारी नीट फिरत होती म्हणूनच तो सूर त्या मुलापर्यंत तसा पोचला.

मोटरी मात्र बाहेरून यायच्या. काही विलायतेच्या, काही स्वित्झर्लंडमधल्या सेंट क्रोआ गावच्या. थोरेन्स आणि पायार हे दोघेही तिथलेच. ते गाव आधी वाजणाऱ्या पेट्या बनवायचं, तेच हात पुढे या मोटरींकडे वळले. इंग्रजांची गॅरार्ड तर १९१५ साली तोफखान्यासाठी अंतर मोजण्याची यंत्रं करायला निघालेली. लढाई संपली, हाताला काम उरलं नाही, तेव्हा त्यांनी ग्रामोफोनच्या मोटरी करायला घेतल्या. हे वाचलं तेव्हा मला खडकीचा दारूगोळा कारखाना आठवला. १८६९ चा तो कारखाना, आमच्या पट्ट्यातला पहिला मोठा. तिथे कामाला असलेल्या माणसांच्या हातात काय काय कला होत्या, ती संध्याकाळी घरी जाऊन काय काय दुरुस्त करायची, याची नोंद कुठल्याच गॅझेटियरमध्ये सापडायची नाही.

गायकांच्या नोंदी आहेत. मुंबईत १९९० साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स स्थापन झाली. सुरेश चांदवणकरांनी आणि त्यांच्या मंडळींनी तबकड्यांचे क्रमांक, तारखा, गायक, सगळं चिकाटीनं गोळा केलं, छापलं. फार मोठं काम आहे. पण तबकडीवर गायकाचं नाव छापलेलं तरी असतं. मोटर सुधारणाऱ्याचं नाव असलंच तर स्प्रिंगच्या डब्याच्या झाकणाला आतून, खिळ्यानं कोरलेलं.

चाकणच्या मशीनमध्ये ते होतं.

आधी ऐकलं. चावी पूर्ण दिली, तबकडी न ठेवता ब्रेक सोडला, आणि लांब पेचकसाचं टोक फळीवर टेकवून मूठ कानाला लावली. ही आमची जुनी युक्ती, बेअरिंग ऐकायची. चिंचवडला बेअरिंगचा कारखाना आहे, तिथे आवाज मोजायला यंत्रं आहेत, पण शॉपमध्ये पेचकसच. पेचकस सरकवत गेलो की आवाज वेगळे होतात. टर्नटेबलच्या दांडीखाली काही नाही, म्हणजे तळाला जी एक पोलादी गोळी असते ती ठीक. स्प्रिंगच्या डब्याजवळ दर अर्ध्या मिनिटानं एक 'धप्प'. वर्मजवळ बारीक 'घर्र'. आणि गव्हर्नरच्या एका टोकाला 'टर्र टर्र टर्र', इतकं जलद की सलग वाटावं. मधूनच एक चिरकी किंचाळी, ती मात्र ओळखीची. फेल्ट कोरडं पडलं की तेच होतं, दोन थेंब तेलानं जातं. लोक याच किंचाळीला घाबरून सगळ्या मोटरीत तेल ओततात.

म्हणजे एका घरघरीत चार आवाज. मुलाला पेचकस कानाला लावायला दिला. त्याला पहिल्यांदा काहीच वेगळं कळेना, मग 'धप्प' कळलं आणि तो दचकला.

मोटर उघडण्याआधी चावी पूर्ण उतरवायची. पुन्हा सांगतो, पूर्ण. भरलेल्या स्प्रिंगनं बोटं गेलेली माणसं मी पाहिली आहेत, ती ग्रामोफोनची नव्हती, शटरची होती, पण स्प्रिंगला काय फरक पडतो.

गव्हर्नर काढून पट्ट्या मोजल्या. दोन पट्ट्या सात थाऊ, तिसरी नऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आमच्या उस्तादांची पिढी थाऊत बोलायची, आम्ही मायक्रॉनमध्ये, आताची पोरं पडद्यावरचा आकडा वाचतात. तिसरी पट्टी कुणीतरी गजराच्या घड्याळाची स्प्रिंग कापून केलेली. भोक पाडताना कडा नीट मारलेली नाही. दोन थाऊ जाड पट्टी म्हणजे दोन गोळे जेवढे बाहेर जातात तेवढा तिसरा जात नाही. दांडी एका बाजूला झुकून फिरते, टोकाच्या बुशात, म्हणजे तिला धरणाऱ्या नळीत, आपटते. 'टर्र टर्र'चा जनक हा. आणि ती पट्टी धरणारा स्क्रू. विलायती मोटरींना बी.ए. आट्यांचे बारीक स्क्रू असतात, त्यांच्या आट्याचा कोन साडेसत्तेचाळीस अंशांचा. आपल्या मेट्रिक स्क्रूचा साठ. बी.ए. स्क्रू हरवला, बाजारात मिळाला नाही, कुणीतरी जवळच्या मापाचा मेट्रिक स्क्रू जोर लावून घुसवला. तो दोन आटे चढला आणि अडकला. त्याला वाटलं बसला.

डब्याचं झाकण उघडलं तेव्हा आधी वास आला. खोबरेल, जुनं, खवट. ग्रीस वाळून काळ्या डांबरासारखं झालेलं, त्यावर कुणीतरी वर्षानुवर्षं खोबरेल सोडलेलं. घरात तेल म्हणून जे हाताशी असतं ते माणूस घालणार, मी दोष देत नाही. पण खोबरेल आपल्या डिसेंबरात बाटलीत गोठतं, ते डब्यात काय करत असेल? स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात, ताण साठत जातो, मग एकदम सुटतात. तेच 'धप्प'. तबकडी वाजत असेल तर त्या क्षणी सूर दचकतो. पुष्कळांना वाटतं तबकडीच खराब आहे.

झाकणाच्या आतल्या बाजूला कोरलं होतं: एस. के. ५३. त्याच्याखाली वेगळ्या हातानं, बारीक: ६८. घड्याळजी मंडळींची ही जुनी रीत, दुरुस्ती केली की आत खूण सोडायची. ५३ वाल्याचं काम स्वच्छ होतं, त्यानं बसवलेला बुश पाहिला तर हात कसलेला. गजराच्या स्प्रिंगचा पराक्रम त्याच्या नंतरचा. ६८ वाल्याचा की त्याच्याही नंतरचा, ते मी सांगू शकत नाही, आणि आरोप करणार नाही.

पण त्या दोन आकड्यांमध्ये आमचं सगळं गाव उभं राहिलं. ५३ साली पिंपरी म्हणजे रेल्वेचं लहान ठाणं आणि फाळणीनंतर आलेल्या सिंधी बांधवांचा कॅम्प. पेनिसिलिनची हिंदुस्तान अँटिबायोटिक्स त्याच्या पुढच्या वर्षी स्थापन झाली. माझे वडील तिथेच लागले, आम्ही सगळे तिला एचए म्हणायचो. फोनो बिघडला तर चाकणच्या माणसाला पुण्यात घड्याळजीकडे जावं लागत असणार, एसटीनं, पेटी मांडीवर. मग १९६२ साली एमआयडीसी आली, साठच्या दशकात टेल्को आली, बजाज आली, आणि त्यांना सुटे भाग पुरवायला भोसरीत गाळ्यांवर गाळे उठले. ६८ साली खराद फिरवणारा माणूस घराजवळ मिळायला लागला होता. घड्याळजीचं काम टर्नरकडे आलं. चुका बदलल्या. घड्याळजी नाजूक हातानं चुकीची पट्टी लावायचा. टर्नर बरोबर पट्टी लावायचा, पण जरा जोरानं.

राहिली वर्मजवळची 'घर्र'. तिच्यासाठी आमचीही एक चूक सांगतो. नवीन होतो तेव्हा वडिलांच्या फोनोला मी टूलरूममध्ये जेवणाच्या सुट्टीत बुश केला. वडिलांनी तो फोनो खडकी बाजारात जुना घेतलेला, साहेबलोक गेले तेव्हा मागे राहिलेल्यांपैकी असावा. मी बुश केला फॉस्फर ब्राँझचा, भोक असं नेमकं की दांडी आत हवेसारखी सरकावी. खूप अभिमान. बसवला आणि मोटर दीड मिनिटात थांबली. उस्तादांना दाखवलं. त्यांनी बुश हातात घेऊन फिरवला आणि विचारलं, "भोक मध्यात का पाडलंस?" मी म्हटलं, मध्यातच पाडतात. ते हसले. या बुशांची भोकं मुद्दाम मध्याच्या बाजूला पाडलेली असतात. बुश फिरवला की दांडी कणभर सरकते, वर्म चक्राच्या जवळ जातो किंवा दूर. जवळ गेला तर दात खातो, दूर गेला तर खडखडतो. त्या दोहोंच्या मधली एक जागा असते, तिथे आवाज विझतो. ती जागा मापानं सापडत नाही. मोटर चालू ठेवून, पेचकस कानाला लावून, बुश केसभर फिरवत जायचं.

मी मापावर जन्म काढलेला माणूस, तरी हे कबूल करतो.

चाकणच्या मशीनचं पुढे जे केलं ते थोडक्यात. डब्यातली स्प्रिंग काढून रॉकेलनं धुतली, पुसली, ग्रॅफाइट घातलेलं ग्रीस लावून परत भरली. ती भरणं दोन माणसांचं काम आहे, भोसरीच्या गाळ्यातून माझा एक जुना सहकारी आला. चहा आणि मिसळ, मजुरी त्यानं कधीच घेतलेली नाही. तिन्ही पट्ट्या एकाच पोलादी पत्र्यातून, सात थाऊच्या, कडा एमरीनं मारून. एक बदलायची असली तरी तिन्ही बदलायच्या, हा नियम. घुसवलेला मेट्रिक स्क्रू काढायला अर्धा दिवस गेला. नवा बी.ए. आट्याचा स्क्रू हातानं केला. फेल्टचा तुकडा हार्मोनियमवाल्याकडून आणला. मोटर आणि फळी यांच्यामधल्या रबराच्या वायसर दगड झाल्या होत्या, त्या नव्या कापल्या. एवढ्या एका गोष्टीनं घरघर निम्म्यावर आली, आणि तीच कुणी बदललेली नव्हती.

शेवटी वेग. त्यासाठी मी कागदाची चकती वापरतो, कडेनं ७७ काळ्या रेघा. आपली वीज पन्नास सायकलची, दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. टर्नटेबल ७८ च्या अगदी जवळ फिरायला लागलं की रेघा जागच्या जागी उभ्या राहतात. पुढे सरकल्या तर वेग जास्त, मागे सरकल्या तर कमी. हल्लीच्या एलईडीखाली बहुतेक वेळा हे दिसत नाही, म्हणून मी बाकावर एक जुना पिवळा बल्ब जपून ठेवला आहे. अगदी जुन्या तबकड्या नेमक्या ७८ च्या नसतात, हेही लक्षात ठेवावं लागतं. गायकाची पट्टी माहीत असेल तर हार्मोनियमवर सूर धरून वेग लावावा.

वेगावरून आठवलं. १९७७ साली अमेरिकेनं व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तिच्यात आपल्या केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. एक फेरा ३.६ सेकंदांत, असं चित्रांनी समजावून दिलं आहे. सुईही सोबत आहे. मोटर मात्र पाठवलेली नाही. ती तिकडच्या फिटरनं करून घ्यायची.

एक इशारा द्यायचा राहिला. हल्ली जुन्या बाजारात, मुंबईच्या चोरबाजारात आणि ऑनलाइनही, पितळी कर्ण्याचे चकचकीत ग्रामोफोन मिळतात. कुत्र्याचं चित्र ठळक, लाकूड नवं, कर्णा नवा. आत कुठल्यातरी मोडक्या पोर्टेबलमधली मोटर ठोकून बसवलेली असते. वास्तुशांतीला भेट द्यायला लोक घेतात. पुण्यातल्या एका दुकानातून घेतलेला असाच एक फोनो माझ्याकडे आला होता, मोटर फळीला चार खिळ्यांनी मारलेली. खिळे, स्क्रू नव्हेत. त्या मोटरीची घरघर मी घालवू शकलो नाही. असली यंत्रं दिवाणखान्यात शोभेला ठेवावीत, चावी देऊ नये.

मुलगा पुढच्या रविवारी आला. मी ब्रेक सोडला आणि तबकडी न ठेवता पेचकस त्याच्या हातात दिला. त्यानं कानाला लावला, फळीवर सरकवला, आणि गव्हर्नरच्या टोकाशी थांबला. "इथे अजून थोडं आहे, काका." होतं. दोन दिवस मी ते ऐकत होतो आणि चालेल म्हणून सोडून दिलं होतं. बुश पाव रेघ फिरवला, गेलं. चाकणला तो रोबोटच्या लाइनवर काम करतो. आठ दिवसांपूर्वी त्याला 'धप्प'सुद्धा सांगावं लागलं होतं.

झाकणात मी काही कोरत नाही. पट्ट्यांची जाडी, बुशाचा धातू, ग्रीस कुठलं आणि साल, एवढं एका चिठ्ठीवर लिहून पेटीच्या तळाला चिकटवतो. पुढच्या दुरुस्तीवाल्याला अंदाज बांधत बसायला नको.

आपल्या माळ्यावर असं मशीन असेल तर एवढं करा. वाजवून झालं की चावी उतरेपर्यंत टर्नटेबल फिरू द्या, भरलेली ठेवू नका. सुई प्रत्येक बाजूला नवी घ्या. गव्हर्नरच्या टोकांना आणि फेल्टला शिलाई मशीनचं तेल, थेंबभर. खोबरेल कुठेही नाही. आणि स्प्रिंगच्या डब्याला हात लावू नका, तो माणूस शोधा ज्याला तो उघडता येतो. भोसरीच्या गाळ्यांत विचारलंत तर अजून दोन-चार सापडतील.